शेतीयंत्राने अपघात झाला तर भरपाई कोण देणार? पहिल्यांदाच कोर्टाची पायरी चढणाऱ्यांसाठी

ट्रॅक्टरच्या पीटीओचा, म्हणजे इंजिनाची ताकद जोडलेल्या यंत्राला देणारा, शाफ्ट मिनिटाला 540 फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला नऊ. पदराचे टोक, उपरण्याचा शेव किंवा बाहीचा सुटलेला धागा त्यात सापडला की ‘बंद कर’ हे शब्द तोंडातून निघेपर्यंत दहा-पंधरा वेढे पडलेले असतात. मळणी यंत्राच्या तोंडाशी घास टाकणाऱ्याचा हातही असाच जातो. पेंढी आत ओढली जाते, ती धरून ठेवलेली बोटेही तिच्याबरोबर जातात.

अशा अपघातानंतर घरच्यांचा पहिला प्रश्न असतो, ‘चूक कोणाची?’ मी तालुक्याच्या कोर्टात वकिली करतो आणि पक्षकाराला हा प्रश्न थोडा बाजूला ठेवायला सांगतो. आधी विचारतो, जखमी माणूस कोणाच्या कामावर होता? यंत्र कशावर चालत होते? ते उभे कुठे होते? कोणत्या कायद्याने आणि कोणाच्या दारात जायचे हे या तिन्हींच्या उत्तरांवर ठरते. चूक सिद्ध करावी लागेल की नाही, हेही तिथेच कळते. काही वाटांवर तर मालकाची चूक दाखवायची गरजच पडत नाही, आणि लोकांना नेमके तेच माहीत नसते.

पहिले दोन दिवस

उपचार आधी, हे सांगायला नको. पण दवाखान्यात दाखल करताना ‘कसे लागले’ या प्रश्नाला दिलेले उत्तर केसपेपरवर उतरते आणि पुढे कित्येक वर्षे पाठलाग करते. मालकाला त्रास नको म्हणून ‘घरी पडला’ असे सांगणारे बरेच असतात. सहा महिन्यांनी मालकाने हात वर केले की त्याच कागदावर बोट ठेवून विमा कंपनीचा वकील विचारतो, यंत्र कुठून आले? म्हणून खरे तेच सांगा, यंत्राचे नाव आणि जागा सांगा, आणि डॉक्टरांना मेडिको-लीगल नोंद करायला सांगा. ती नोंद झाली की पोलिसांना खबर जाते.

पोलीस आपणहून आले नाहीत तर जाऊन खबर द्या. मृत्यू झाला असेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 194 खाली अकस्मात मृत्यूची नोंद होते, मरणोत्तर पंचनामा आणि शवविच्छेदन होते. जमले तर घटनास्थळाच्या पंचनाम्याच्या वेळी आपला एक माणूस तिथे उभा ठेवा. पंचनाम्यात काय यायला हवे ते तोच सांगू शकतो: पीटीओवर झाकण होते का, पट्ट्याला जाळी होती का, घास टाकायची परात किती लांब होती, यंत्रावर कंपनीची पाटी आणि क्रमांक आहे का, ट्रॅक्टरचा नंबर काय.

परातीच्या लांबीकडे खास लक्ष द्या. मळणी यंत्राच्या सुरक्षिततेसाठी भारतीय मानक आयएस 9020 आहे. त्यानुसार परात निदान 900 मिलिमीटर लांब हवी आणि ड्रमच्या बाजूचा 450 मिलिमीटर भाग वरून झाकलेला हवा. हिशेब साधा आहे: हात पुढे केला तरी तो दातांपर्यंत पोचू नये. प्रत्यक्षात काम उरकत नाही म्हणून झाकण काढून ठेवतात, कुणी परातच कापून आखूड करतो. टेप लावून घेतलेला एक फोटो इथे दहा साक्षीदारांचे काम करतो. यंत्र दुरुस्त व्हायच्या आत, हलवायच्या आत तो घ्या. अपघातानंतर दुसऱ्याच दिवशी नवे कोरे झाकण बसलेले मी पाहिले आहे.

उपचाराची बिले, औषधांच्या पावत्या, गाडीभाडे हे सगळे एका पिशवीत टाकत जा. नीट लावायचे काम नंतर करता येते.

जखमी माणूस कोणाच्या कामावर होता?

वेळ इथे द्या, कारण पुढचे सगळे यावर उभे आहे. नेहमीचे उदाहरण घेऊ. शेतकऱ्याने मळणीसाठी यंत्र भाड्याने आणले. यंत्रमालकाने ट्रॅक्टर, ड्रायव्हर आणि घास टाकणारे दोन गडी पाठवले. पेंढ्या वाहायला शेतकऱ्याने चार मजूर रोजाने लावले. शेजारचा एकजण सावडीने मदतीला आला. शेतकऱ्याचा पुतण्या नुसता बघत उभा होता.

घास टाकणाऱ्याचा हात गेला तर त्याचा मालक यंत्रवाला. पेंढ्या वाहणारा अडकला तर त्याचा मालक शेतकरी. पण ड्रायव्हरच्या निष्काळजीपणामुळे तसे झाले असेल तर यंत्रवालाही जबाबदाऱ्यांच्या यादीत येतो. सावडीने आलेल्याला मजुरी नाही, त्यामुळे तो कायद्याच्या भाषेत कुणाचा कामगार नाही. त्याला चूक दाखवावी लागेल किंवा ट्रॅक्टरच्या विम्याची वाट धरावी लागेल. पुतण्याचेही तसेच. यंत्र एक, खळे एक, पण चौघांची वाट एकच नाही.

काम उक्ते दिले असेल तर शेतकरी म्हणतो, ‘माझा काय संबंध, मी तर एकराने ठरवले होते.’ इतक्यावर तो सुटत नाही. आपल्याच व्यवसायाचे काम ठेकेदाराकडून करून घेणाऱ्या मुख्य मालकाकडे मजूर थेट भरपाई मागू शकतो, अशी तरतूद 1923 च्या भरपाई कायद्याच्या (कामावर इजा झालेल्याला मालकाकडून भरपाई देणाऱ्या कायद्याच्या) कलम 12 मध्ये आहे. अट एवढीच की अपघात त्या मालकाच्या ताब्यातल्या जागेत किंवा तिच्या आसपास घडलेला हवा. पैसे भरल्यावर तो ठेकेदाराकडून वसूल करू शकतो, ती त्या दोघांची बाब.

मजूर असल्याचा पुरावा काय, हा पुढचा प्रश्न. शेतात मस्टर नसते. मग मुकादमाची वही, मजुरी पाठवल्याचा मोबाइलवरचा व्यवहार, ‘उद्या सातला ये’ असा व्हॉट्सअॅपवरचा निरोप, बरोबरच्या मजुरांचे जबाब, यावर काम भागते. एकच दिवस कामाला गेला होता म्हणून कुणी नाकारत असेल तर घाबरू नका. पूर्वी नैमित्तिक मजूर या कायद्याच्या बाहेर होते, 2000 च्या दुरुस्तीने तो अडसर काढला.

मजुराची वाट: चूक न दाखवता भरपाई

ट्रॅक्टरने किंवा विजेवर, इंजिनावर चालणाऱ्या साधनाने शेती करण्याच्या कामावर असलेला माणूस भरपाई कायद्याच्या यादीत येतो. हा 1923 चा कायदा. 2010 पासून त्याच्या नावात ‘कामगार’ऐवजी ‘कर्मचारी’ आले. 21 नोव्हेंबर 2025 पासून सामाजिक सुरक्षा संहिता 2020 लागू झाली आणि भरपाईचे हे प्रकरण तिच्यात गेले. गाभा तोच राहिला आहे. अर्ज कोणत्या कायद्याखाली लिहायचा ते अपघाताच्या तारखेवरून वकील ठरवेल. खालचे कलम क्रमांक मी जुन्या कायद्याचे देतो, कारण कोर्टात आज तेच तोंडावर आहेत.

कामाच्या ओघात अपघात झाला एवढे दाखवले की मालक देणे लागतो. रक्कम अशी काढतात: मृत्यू झाल्यास महिन्याच्या मजुरीच्या 50 टक्के गुणिले वयाचा गुणांक, कायमचे पूर्ण अपंगत्व आल्यास 60 टक्के गुणिले तोच गुणांक. तिसाव्या वर्षीचा गुणांक 207.98, चाळिसाव्या वर्षीचा 184.17, पन्नासाव्या वर्षीचा 153.09. हिशेबात धरायच्या मजुरीला कमाल मर्यादा असते. 3 जानेवारी 2020 पासून ती महिना 15,000 रुपये केली गेली.

समजा, तीस वर्षांचा मजूर, महिन्याची मजुरी 12,000 रुपये. मृत्यू झाला तर 6,000 गुणिले 207.98, म्हणजे 12,47,880 रुपये. पूर्ण अपंगत्वाला 7,200 गुणिले 207.98, म्हणजे 14,97,456. अंशतः अपंगत्व असेल तर कायद्याच्या परिशिष्टातली टक्केवारी बघायची. पंजा गेला तर 60 टक्के, एका हाताची चारही बोटे गेली तर 50, अंगठा गेला तर 30, पूर्ण तर्जनी गेली तर 14. याच मजुराची चार बोटे गेली तर 7,48,728 रुपये होतात. उपचाराचा प्रत्यक्ष खर्च यावर वेगळा. हा आकडा ध्यानात ठेवा, तडजोडीबद्दल बोलताना तो पुन्हा लागणार आहे.

रोजंदारीवाल्याचा महिना किती दिवसांचा धरायचा, यावर हमखास वाद होतो. समोरचा म्हणतो वर्षातून चारच महिने काम असते. म्हणून आदल्या बारा महिन्यांत कुठे-कुठे काम केले, तशाच कामाला गावात काय रोज मिळतो, हे सांगणारे दोन-तीन माणसे तयार ठेवा.

मालकाचे बचाव मोजके आहेत. मजूर दारू प्यायलेला होता, सुरक्षेसाठी दिलेला स्पष्ट नियम त्याने मुद्दाम मोडला, किंवा सुरक्षेसाठी बसवलेले झाकण त्याने जाणूनबुजून काढले, असे मालकाला सिद्ध करावे लागते. आणि मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व असेल तर हे बचाव चालतच नाहीत. शिवाय झाकण मुळात बसवलेलेच नसेल तर ते काढल्याचा आरोप मजुरावर कसा येईल? परातीचा फोटो इथे कामाला येतो.

मालकाला आधी लेखी नोटीस द्या. दाव्याची मुदत दोन वर्षे आहे, पण ती पुरी वापरायची गरज नाही. देणे झाल्यापासून महिनाभरात मालकाने पैसे भरले नाहीत तर 12 टक्के व्याज लागते आणि सबळ कारण नसेल तर रकमेच्या 50 टक्क्यांपर्यंत दंडही बसू शकतो. अर्ज भरपाई आयुक्तांकडे जातो. कितीतरी ठिकाणी हे अधिकार कामगार न्यायालयाच्या न्यायाधीशांकडेच असतात, त्यामुळे ‘आयुक्त’ हा शब्द ऐकून वेगळे कार्यालय शोधत फिरू नका, आधी न्यायालयात चौकशी करा.

मळणी यंत्रासाठी आणखी एक कायदा आहे, जो वकिलांनाही पटकन आठवत नाही: धोकादायक यंत्रे (विनियमन) अधिनियम 1983. शक्तीवर चालणारे मळणी यंत्र त्याच्या व्याख्येतच आहे. अशी यंत्रे बनवणाऱ्या-विकणाऱ्यांवर परवान्याचे बंधन, आणि ती चालवताना मेलेल्या किंवा जायबंदी झालेल्या मजुराला भरपाई, या दोन्हींसाठी तो केला गेला. त्याचा वापर कमी दिसतो. पण बिनपाटीच्या, गावठी बनावटीच्या यंत्रावर अपघात झाला असेल तर अर्जात त्याचा उल्लेख जरूर करायला सांगा.

ट्रॅक्टर मध्ये असेल तर

ट्रॅक्टर हे मोटार वाहन आहे. त्याचा तृतीय पक्ष विमा, म्हणजे वाहनाने इतरांना झालेल्या इजेचा विमा, सक्तीचा आहे आणि त्याने इजा झालेला माणूस मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जाऊ शकतो. ही वाट मजुरालाही मोकळी आहे आणि रस्त्याने जाणाऱ्यालाही. मात्र मजुराने भरपाई कायदा आणि मोटार वाहन कायदा यांपैकी एकच निवडायचा, दोन्हीकडून घेता येत नाही. मोटार वाहन कायद्याचे कलम 167 हेच सांगते. एकदा निवडले की मागे फिरणे अवघड, म्हणून घाई करू नका.

फरक किती पडतो? त्याच तीस वर्षांच्या, 12,000 मिळवणाऱ्या मजुराचा मृत्यू ट्रॅक्टर ड्रायव्हरच्या चुकीने झाला आणि घरात चार जण त्याच्यावर अवलंबून आहेत असे धरू. सर्वोच्च न्यायालयाने 2009 आणि 2017 मध्ये घालून दिलेल्या पद्धतीने उत्पन्नात पुढच्या वाढीचे 40 टक्के मिळवायचे, त्यातून त्याच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा करायचा आणि 17 ने गुणायचे. महिना 16,800, वर्षाचे 2,01,600, चौथाई वजा जाता 1,51,200, गुणिले 17, म्हणजे 25,70,400 रुपये. अंत्यविधी वगैरेचे वेगळे. भरपाई कायद्याने हीच रक्कम साडेबारा लाखांच्या आत राहिली होती. पण इथे कलम 166 खाली ड्रायव्हरची चूक सिद्ध करावी लागते. पुरावा कच्चा असेल तर ज्यात चूक दाखवावी लागत नाही ती वाट बरी. मोटार वाहन कायद्यातच कलम 164 खाली चूक न दाखवता मृत्यूला 5 लाख आणि गंभीर दुखापतीला अडीच लाख, अशी ठरीव रक्कमही आहे.

मुदतीत चुकू नका. 1 एप्रिल 2022 पासून या दाव्याला सहा महिन्यांची मुदत आहे. पोलिसांनी 48 तासांत प्राथमिक अपघात अहवाल न्यायाधिकरणाकडे पाठवायचा असतो. तो गेला का, हे ठाण्यात जाऊन विचारा.

आता विमा कंपनी हमखास काय म्हणते ते बघू.

‘अपघात शेतात झाला, ती सार्वजनिक जागा नव्हे.’ मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्ण पीठाने 1988 मध्येच सांगितले आहे की जिथे लोकांचा वावर आहे, मग तो हक्काने असो वा परवानगीने, ती खासगी मालकीची जागाही सार्वजनिक जागा धरायची. कुंपण घालून कुलूप लावलेल्या वाडीत मात्र हा मुद्दा सोपा राहत नाही.

‘ट्रॅक्टर उभा होता, इजा मळणी यंत्राने झाली.’ 1991 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्याच एका उलटलेल्या पेट्रोल टँकरच्या प्रकरणात ‘वाहनाचा वापर’ या शब्दांचा अर्थ खूप रुंद केला. टँकर बराच वेळ रस्त्याकडेला पडून होता, तरी नंतरचा स्फोट वाहनाच्या वापरातूनच झाला असे धरले. पीटीओवर यंत्र फिरत असेल तर ट्रॅक्टरचे इंजिनच ते फिरवते, हा युक्तिवाद त्या निकालावर उभा करता येतो. दरवेळी मान्य होतोच असे नाही. विजेच्या मोटारीवर चालणाऱ्या यंत्राला ही वाट मुळातच नाही.

‘तो मडगार्डवर बसला होता.’ हा मुद्दा मात्र कंपनीचा भक्कम आहे. ट्रॅक्टरला आसन एकच, ड्रायव्हरचे. मडगार्डवर किंवा ट्रॉलीत फुकट बसून आलेल्याची जोखीम सक्तीच्या विम्यात येत नाही. अशा वेळी देणे मालकाच्या अंगावर पडते. काही प्रकरणांत न्यायालये कंपनीला आधी द्यायला आणि मग मालकाकडून वसूल करायला सांगतात, पण तो हक्क म्हणून गृहीत धरता येत नाही. ट्रॉलीचा विमा वेगळा उतरवला आहे का, हेही पाहावे लागते.

‘ट्रॅक्टर शेतीसाठी होता, भाड्याने वापरला.’ पॉलिसीत वापर काय लिहिला आहे तो वाचल्याशिवाय यावर बोलू नये. लायसन्सचा मुद्दा त्या मानाने हलका आहे: ट्रॅक्टर चालवायचे वैध लायसन्स असलेल्याने ट्रॉली जोडली म्हणून ते निकामी होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2001 मध्ये स्पष्ट केले. अठराच्या आतल्या मुलाने ट्रॅक्टर चालवला तर विम्याचा प्रश्न बाजूलाच; कलम 199अ खाली पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 रुपये दंड होऊ शकतो.

यंत्रातच खोट असेल तर

वेल्डिंग सुटले, ब्लेड तुटून उडाले, यंत्र विकताना झाकणच दिले नाही, वापराची पुस्तिका दिली नाही, धोक्याची सूचना लिहिली नाही, अशा वेळी ग्राहक संरक्षण कायदा 2019 मधली उत्पादन दायित्वाची कलमे, म्हणजे 82 ते 87, पाहा. बनवणारा, विकणारा आणि दुरुस्ती करणारा, तिघांवरही दावा होऊ शकतो. पोटापाण्यासाठी स्वतः वापरायला यंत्र घेतलेला शेतकरी ग्राहक ठरतो. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात करता येते, मुदत दोन वर्षे.

इथे तज्ज्ञाच्या अहवालाशिवाय पुढे जाता येत नाही. तुटलेला भाग भंगारात देऊ नका आणि ‘बघून सांगतो’ म्हणणाऱ्या विक्रेत्याकडेही नेऊ नका. पंचासमक्ष सीलबंद करून ठेवा. यंत्रात आपणच फेरफार केला असेल, पुली बदलून वेग वाढवला असेल, तर विकणाऱ्याला कलम 87 चा बचाव मिळतो.

शेतकरी स्वतःच जखमी झाला तर

स्वतःच्या ट्रॅक्टरखाली स्वतः सापडला तर तो तृतीय पक्ष नाही, त्यामुळे न्यायाधिकरणाचा दरवाजा बंद. दुसऱ्याची मोटरसायकल मागून नेलेला माणूस मालकाच्याच जागी उभा राहतो, असे सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्ये धरले. उसना ट्रॅक्टर नेणाऱ्यालाही हाच मुद्दा आडवा येतो. मग उरते काय? पॉलिसीतला मालक-चालक वैयक्तिक अपघात विमा, जो 15 लाखांचा असतो, पण हप्ता भरलेला आणि लायसन्स वैध हवे. बँक खात्यातून वर्षाला 20 रुपये कापले जात असतील तर प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचे 2 लाख. हे 20 रुपये कापले जातात हे घरात कुणाला माहीतच नसते. पासबुकात मे महिन्याच्या अखेरची किंवा जूनच्या सुरुवातीची नोंद बघा.

महाराष्ट्रात गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनाही आहे. मृत्यूला किंवा दोन अवयव गेल्यास 2 लाख, एक डोळा किंवा एक अवयव गेल्यास 1 लाख. सातबारावर नाव असलेला खातेदार आणि त्याच्या कुटुंबातला खातेदार नसलेला एक सदस्य, वय 10 ते 75. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे, तीस दिवसांत. तेरावे उरकेपर्यंत निम्मी मुदत संपलेली असते, म्हणून सातबारा, वारस नोंद, पोलीस अहवाल गोळा करायचे काम नात्यातल्या एका शांत डोक्याच्या माणसाकडे पहिल्याच आठवड्यात सोपवा. भूमिहीन मजुराला या योजनेचा आधार नाही, त्याची भिस्त भरपाई कायद्यावरच.

पोलीस केस म्हणजे भरपाई नव्हे

निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम 106 खाली पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. जिवाला धोका होईल असे वागून जखमी केल्यास कलम 125. यंत्राबाबतच्या हयगयीला कलम 289 स्वतंत्र आहे, शिक्षा सहा महिन्यांपर्यंत. हे खटले सरकार चालवते. त्यात मालक निर्दोष सुटला म्हणून भरपाईचा दावा बुडत नाही. फौजदारीत संशयापलीकडचा पुरावा लागतो, भरपाईत तितका लागत नाही. उलट, फौजदारी निकालाची वाट बघत बसून भरपाईची मुदत घालवलेली कुटुंबे मी पाहिली आहेत.

तडजोड करायची असेल तर

बहुतेक प्रकरणे पारावर मिटतात, आणि त्यात वाईट काही नाही. मालक आणि मजूर एकाच गावात राहणार आहेत, पुढच्या हंगामात एकमेकांची गरज लागणार आहे. पण मिटवताना वरचा हिशेब हातात असू द्या. चार बोटांचे साडेसात लाख होतात हे माहीत असलेला माणूस पन्नास हजारांवर अंगठा उमटवताना निदान थांबेल.

कागदाचीही मेख आहे. ‘मला काही घेणेदेणे नाही’ असे स्टॅम्पपेपरवर लिहून नोटरी केले तरी भरपाईचा कायदेशीर हक्क त्याने संपत नाही. भरपाई कायद्याच्या कलम 17 खाली असा करार रद्दबातल ठरतो. आणि मृत्यूच्या प्रकरणात त्याच कायद्याच्या कलम 8 प्रमाणे पैसे आयुक्तांकडेच जमा करावे लागतात. मालकाने विधवेच्या हातात रोख दिले, अगदी चांगल्या मनाने दिले, तरी थोड्या आगाऊ रकमेखेरीज ते भरपाईत धरले जात नाहीत. मालकाने हे नीट वाचावे, कारण इथे दोनदा पैसे द्यायची वेळ त्याच्यावर येते. तडजोड करायचीच तर ती आयुक्तांसमोर नोंदवून घ्या. न्यायाधिकरणातले प्रकरण लोकअदालतीत मिटवता येते आणि तो निवाडा दोन्ही बाजूंना बांधून ठेवतो.

नवा ट्रॅक्टर किंवा यंत्र घेतलेल्यासाठी

पॉलिसी आली की फक्त तारीख बघून कपाटात टाकू नका. वापर ‘शेती’ लिहिला आहे की ‘भाडे’, ट्रॉलीचा क्रमांक आहे का, पगारी ड्रायव्हर आणि मजुरांसाठी जादा हप्ता भरला आहे का, हे तिथेच एजंटाला विचारा. मळणी यंत्र विजेवर चालवणार असाल तर ट्रॅक्टरची पॉलिसी उपयोगाची नाही, मजुरांसाठी वेगळी पॉलिसी घ्यावी लागेल. यंत्र भाड्याने देताना साधा कागद करा: गडी कोणाचे, ड्रायव्हर कोणाचा, झाकणे जागेवर असताना यंत्र दिले. दोघांच्या सह्या आणि एक फोटो. हा कागद मजुराचा हक्क कमी करत नाही, पण तुम्हा दोघांत कोणी किती सोसायचे ते ठरवतो.

वकिलाकडे जाताना

बरोबर न्या: केसपेपर, फिर्यादीची किंवा अकस्मात मृत्यूच्या नोंदीची प्रत, पंचनामा, वयाचा दाखला, आधार, दिव्यांगत्व प्रमाणपत्र झाले असेल तर ते, ट्रॅक्टरचा नंबर, बिलांची ती पिशवी आणि कामावर होता हे सांगणाऱ्या दोघांची नावे. फीला पैसे नसतील तर तालुका विधी सेवा समितीकडे जा. ती न्यायालयाच्या आवारातच असते. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, दिव्यांग व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, इतरांना उत्पन्नाच्या मर्यादेत. फोनवर विचारायचे असेल तर 15100 हा क्रमांक आहे. ‘भरपाईतून इतके टक्के घेईन’ म्हणणाऱ्या दलालाला दारातूनच परत पाठवा. वकिलालाही निकालावर टक्का ठरवून फी घ्यायची परवानगी नाही.